बाप्यामाणसाचं रडू

उंब्रजसारख्या गावात कोणाकडं मयत झालं की दोन चित्रं हमखास दिसतात. आत सोप्यात बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत असतात. गेलेल्या माणसाच्या एकेक आठवणी काढून, हेल काढून रडतात. बाहेर अंगणात पुरुष मंडळी मात्र गप्प. कोणी लाकडांचं बघतं, कोणी पाहुण्यांना फोन लावतं, कोणी तिरडी बांधतं. सख्खा मुलगा असला तरी खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसतो आणि मडकं धरायला उभा राहतो. त्याचा हुंदका फुटलाच, तर एखादा वडीलधारा पाठीवर हात ठेवून म्हणतो, ‘‘आरं, तूच आसं केल्यावर बायकांनी कुणाकडं बघायचं?’’

हे इतकं अंगवळणी पडलंय, की बाई म्हणजे हळवी आणि पुरुष म्हणजे दगड, असं आपण धरूनच चालतो. रडणाऱ्या मुलीला ‘रडूबाई’ म्हणून सोडून देतो, पण मुलगा रडला की ‘काय बायकांवाणी रडतोस?’ म्हणून लगेच दटावतो. पण मैत्रिणींनो, पुरुषाला खरंच कमी वाटतं, की ते दाखवायची त्याला मुभा नसते?

चेहरा बोलतो, मनाचं काय?

अमेरिकेत ॲन क्रिंग आणि अल्बर्ट गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी यावर केलेला अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी तरुण-तरुणींना आनंदाचे, दुःखाचे, भीतीचे चित्रपटातले तुकडे दाखवले आणि त्यांचे चेहरे टिपले. मुलींच्या चेहऱ्यावर भावना जास्त उमटल्या. पण ‘तुम्हाला आतून किती वाटलं?’ असं विचारलं, तेव्हा मुला-मुलींच्या उत्तरांत फरक नव्हता. म्हणजे वाटलं दोघांना सारखंच, दिसलं मात्र वेगळं.

रडण्याचंही तसंच. विल्यम फ्रे या अमेरिकन संशोधकानं 1980च्या दशकात मोजदाद केली. बायका महिन्याला सरासरी पाच वेळा रडतात आणि पुरुष एक-दीड वेळा, असं त्यात दिसलं. पण तान्हं बाळ मुलगा असो की मुलगी, रडतं सारखंच! मोठा फरक पडतो तो वयात येताना. त्यात हार्मोन्सचा वाटा असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. मात्र त्या वयापर्यंत पोराच्या कानावर ‘रडू नको’ किती वेळा पडलेलं असतं, हेही मोजायला हवं.

आधी ठरवतो, मग बघतो

गंमत म्हणजे बघणाऱ्याची नजरसुद्धा साधी नसते. 1976 साली जॉन आणि सँड्रा काँड्री या जोडप्यानं एक प्रयोग केला. डब्यातून टुणकन उसळणाऱ्या बाहुल्याकडं बघून एक बाळ कळवळतं, असं चित्रण त्यांनी लोकांना दाखवलं. काहींना सांगितलं हा मुलगा आहे, काहींना सांगितलं ही मुलगी आहे. बाळ एकच, रडणं एकच. ‘मुलगा’ समजणाऱ्यांना तो चिडलाय असं जास्त वाटलं आणि ‘मुलगी’ समजणाऱ्यांना ती घाबरलीय असं वाटलं.

आपल्या घरात याचंच मोठं रूप दिसतं. मुलानं ताट सरकवलं तर ‘तापट आहे हो, बापावर गेलाय’. मुलीनं सरकवलं तर ‘सासरी कसं व्हायचं हिचं?’ म्हणून पोराला राग तेवढा चालतो आणि पोरीला रडू तेवढं चालतं. पुढं हाच मुलगा दुःख झालं की आदळआपट करतो आणि हीच मुलगी संतापानं थरथरत असली तरी डोळ्यांतून पाणी काढते. मग समोरच्याला तिचा राग कळत नाही आणि त्याचं दुःख कळत नाही.

न सांगता ओळखणारी

दुसऱ्याचं मन ओळखण्यात बायका पुढं, हे मात्र खरं आहे. ज्युडिथ हॉल यांनी 1978 साली 75 अभ्यास एकत्र तपासले. चेहरा, आवाज, हावभाव यांवरून भावना ओळखण्यात बायका सरासरीनं सरस ठरल्या, पण थोड्याच फरकानं. सासूच्या पावलांच्या आवाजावरून तिची मर्जी ओळखणाऱ्या सुनेला हे कोणी सांगायची गरज नाही. ज्याला दुसऱ्याच्या मर्जीनं राहावं लागतं, त्याला ती ओळखायला शिकावंच लागतं.

पुरुषांना ते जमतच नाही का? 2001 साली क्रिस्टी क्लाइन आणि सारा हॉजेस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक विद्यार्थिनी आपली अडचण सांगतेय, असं चित्रण दाखवून तिला त्या त्या क्षणी काय वाटत होतं, ते ओळखायचं होतं. बरोबर ओळखलं तर पैसे मिळणार म्हटल्यावर बायकांचं उत्तर सुधारलं, पुरुषांचंही सुधारलं आणि दोघांतला फरकच मिटला! तेव्हा ‘मला नाही बाई तुझ्या मनातलं कळत’ म्हणणाऱ्या नवऱ्याला कळू शकतं. गरज पडली की तो दुकानात गिऱ्हाईकाचा आणि कचेरीत साहेबांचा चेहरा बरोबर वाचतो. घरात तशी गरज त्याला वाटत नाही, एवढंच.

रडायला जागा हवी

आपल्या मागच्या पिढ्यांनी यावर आपापल्या परीनं वाट काढली होती. बायकांना जातं होतं. पहाटे दळताना माहेरची आठवण, नवऱ्याचा अबोला, सासुरवास, सगळं ओवीत यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं बोलणं त्या दगडाजवळ झालं! गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. पण मन मोकळं करायची ती जागा गेली. मग उरलं ते चुलीपुढं डोळे पुसणं आणि ‘धूर गेला गं डोळ्यांत’ म्हणणं.

पुरुषांना होती वारी. आजही ज्ञानेश्वरांची पालखी आपल्या जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण करत जाते, तेव्हा रांगडे गडी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, पाया पडतात आणि खुशाल रडतात. तिथं कोणी त्यांना बायकांवाणी रडतो म्हणत नाही. 1296 साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या वेळचा निवृत्तिनाथांचा आणि संतमंडळींचा शोक नामदेवांनी अभंगांत वर्णिला आहे. पुरुषानं लिहिलेलं पुरुषांचं दुःख सातशे वर्षं आपण भक्तीनं ऐकतोय. श्यामच्या डोळ्यांतलं पाणीही महाराष्ट्रानं आपलं मानलं. मग घरातल्या पुरुषाच्या डोळ्यांत पाणी आलं की आपण का गोंधळतो?

गप्प बसण्याची किंमत

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 साली देशात आत्महत्या केलेल्यांत 1,22,724 पुरुष होते आणि 48,172 स्त्रिया. शेतकरी म्हणून नोंद झालेल्यांत 4,999 पुरुष आणि 208 स्त्रिया. आता सातबारावर बाईचं नाव नसलं की तिची नोंद शेतकरी म्हणून होतच नाही, हेही या आकड्यामागं आहे. कर्ज, पाऊस, पडलेला भाव ही कारणं तर मोठीच. तरी सावकाराचा तगादा सोसणाऱ्या नवऱ्याची अवस्था बायकोला शेवटपर्यंत माहीत नव्हती, असं किती घरांत घडलं असेल!

आणि बाई रडते म्हणून ती सुटली, असंही नाही. नैराश्याचा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो. तिचं रडणं रोजचं समजून कोणी मनावर घेत नाही. त्याला बोलता येत नाही आणि तिचं कोणी ऐकत नाही.

घरात काय करता येईल?

पुरुषाला समोर बसवून ‘काय झालंय सांगा’ म्हटलं की तो हमखास ‘काही नाही’ म्हणतो. त्यापेक्षा भांगलताना, शेंगा फोडताना, गाडीवरून जाताना विचारावं. हात कामात आणि नजर दुसरीकडं असली की बोलणं सोपं जातं. तो बोलू लागला की लगेच उपाय सांगू नये आणि ‘मी तेव्हाच म्हणाले होते’ हे तर नकोच. आपल्याही मनातलं त्यानं ओळखावं म्हणून फुगून बसण्यापेक्षा ‘मला या गोष्टीचा राग आलाय’ असं सरळ सांगावं.

घरातलं कोणी, बाई असो की पुरुष, जेवणावरून मन उडालेलं, रात्र रात्र जागं, सारखं निरवानिरवीचं बोलणारं दिसलं, तर थांबू नये. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या नंबरवर दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं. जवळच्या सरकारी दवाखान्यातही विचारता येतं.

सर्वांत सोपी सुरुवात मात्र लहान पोरांपासून होते. खेळताना गुडघा फुटून रडत आलेल्या पोराला ‘मर्द गडी हायस, रडतोस काय?’ म्हणायची आपल्याला सवय झालीय. त्याऐवजी ‘लई दुखतंय का रं?’ एवढं विचारून बघा. दुखतंय असं आईजवळ सांगायला शिकलेलं पोर उद्या बायकोजवळही सांगेल. आणि तिचं दुखलेलंही त्याला कळेल.