माहीम पार्काचे नामांतर

मुंबईतील मोकळ्या जागांची कुळकथा धुंडाळण्याचा एक निरुपद्रवी छंद मला फार वर्षांपासून जडलेला आहे. आणि ज्यांना केवळ झाडे, वाळू व वारा यांसाठी दादर-माहीमच्या किनाऱ्याने हिंडायचे असते त्यांना हा छंद कितीही रुक्ष वाटला, तरी या किनाऱ्यावरील एकही हिरवा तुकडा निसर्गाने आपणांस आयता बहाल केलेला नसून प्रत्येकामागे कोणाचा तरी ठराव, कोणाची तरी तजवीज आणि बहुधा कोणाचे तरी भांडण उभे आहे, हे एकदा ध्यानी आले म्हणजे त्या फेरफटक्याची गोडी दुणावते.

मिठी नदीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान घ्या. सुमारे ३७ एकरांचे हे रान एके काळी शहराचा उकिरडा होते; १९८३ साली सलीम अली यांच्या हस्ते तेथे वृक्षारोपणास आरंभ झाला आणि १९९४ मध्ये ते जनतेस खुले झाले. धारावीचा गजबजाट पाठीशी टाकून आत शिरणाऱ्यास आपण कचऱ्याच्या थरांवरून चाललो आहोत अशी शंकासुद्धा येत नाही. तेथून दक्षिणेस यावे तो दादरची चौपाटी, जिच्या वाळूवर ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. महापरिनिर्वाणदिनी लगतच्या मैदानावर वळकट्या उशाला घेऊन विसावलेली खेड्यापाड्यांतली माणसे, आणि त्यांच्या भोवती मांडलेल्या पुस्तकांच्या चवडी ज्याने पाहिल्या आहेत, त्याने मराठी माणूस वाचत नाही हे रडगाणे पुन्हा गाऊ नये.

ते लगतचे मैदान म्हणजेच शिवाजी पार्क. १८९६ च्या प्लेगानंतर शहर उत्तरेकडे सरकू लागले, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टाने दादर-माटुंग्याकडे वसाहती आखल्या, आणि १९२५ साली पालिकेचे हे मैदान लोकांस खुले झाले, एवढे सांगून मी पुढे जातो. येथले क्रिकेट, कट्टा आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा यांविषयी वाचकांस माझ्याहून अधिक ठाऊक असेल. परंतु पहिली दोन वर्षे या मैदानाचे नाव माहीम पार्क होते, आणि १९२७ साली शिवजन्माच्या त्रिशताब्दीचे निमित्त साधून ते बदलण्यात आले ते अवंतिकाबाई गोखले या पालिकेतील सदस्येच्या आग्रहावरून, ही गोष्ट कट्ट्यावर निम्मे आयुष्य काढलेल्यांनाही सांगावी लागते.

बाई सामान्य नव्हत्या. नवव्या वर्षी लग्न झालेल्या, पतीच्या प्रोत्साहनाने शिकलेल्या, पुढे परिचारिकेचे व प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या अवंतिकाबाई १९१७ साली पती बबनराव यांच्यासह चंपारण्यात गेल्या आणि तेथील खेड्यांत गांधीजींनी काढलेल्या शाळांच्या कामात सामील झाल्या. परतल्यावर १९१८ साली त्यांनी हिंद महिला समाज स्थापिला आणि त्याच वर्षी गांधीजींचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले, ज्यास प्रस्तावना होती लोकमान्य टिळकांची! टिळक आणि गांधी यांना परस्परांविरुद्ध उभे करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी हे पुस्तक जरूर उघडून पाहावे. मुंबई महापालिकेत बसलेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकीही त्या एक होत्या.

आता यातली गंमत अशी की, ज्या त्रिशताब्दीच्या बळावर हे नामांतर झाले, तिच्या सालाविषयीच इतिहाससंशोधकांत कडाक्याचा वाद चालू होता. बखरींच्या आधारे चालत आलेली जन्मतिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ ची. आणि तिच्याच हिशेबाने १९२७ चा उत्सव साजरा झाला. परंतु रोहिडखोऱ्यातील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातून निघालेली शकावली वेगळेच सांगत होती. हा कागद दिसायला अगदी निरलंकार: शक, मास, तिथी आणि पुढे घडलेली गोष्ट, खानेसुमारीच्या कारकुनाने लिहावी तशी. तीत शिवजन्माची नोंद फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १६३० ची आहे. आणि ही शकावली १९१६ साली प्रकाशात आणली कोणी, तर अवंतिकाबाईंच्या त्याच प्रस्तावनाकारांनी! त्यावर कडी म्हणजे, कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’, जे शकावलीच्याच तिथीस दुजोरा देते, ते सदाशिव महादेव दिवेकरांनी संपादून प्रसिद्ध केले नेमक्या १९२७ मध्येच.

आज महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारी १६३० हाच जन्मदिवस मानते. त्या न्यायाने मैदानाचे बारसे तीन वर्षे आधी उरकले गेले म्हणावे लागेल. पण पंडितांचा निवाडा होईतो थांबायचे ठरले असते, तर आपण आणखी कित्येक दशके माहीम पार्कावरच सभा ऐकत बसलो असतो, आणि म्हणून बाईंनी घाई केली ती योग्यच केली, असे माझे मत आहे.

भांडणे त्यानंतरही संपली नाहीत. सभांच्या गोंगाटाविरुद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०१० साली मैदानास शांतता क्षेत्र ठरविण्यात आले, तेव्हा ज्यांची गैरसोय झाली त्यांनी आदळआपट केली. माझी सहानुभूती रहिवाशांकडे आहे, हे लपविण्याचे कारण नाही. २०२० साली पालिकेने पुन्हा एक ठराव करून मैदानाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज पार्क असे सन्मानपूर्वक विस्तारले.

अवंतिकाबाईंच्या नावाचा रस्ता गिरगावात, ऑपेरा हाऊसच्या बाजूस आहे. दादरच्या मैदानाशी मात्र त्यांचा संबंध काय, हे येणाऱ्या-जाणाऱ्यास कळावे म्हणून १९२७ हे साल, जुने नाव आणि अवंतिकाबाई गोखले हे तीन तपशील मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी मराठीत ठळक वाचता येतील एवढी तजवीज पालिकेने करावी. त्यास फारसा खर्च येणार नाही.