पदवीला चेताविज्ञान : नाव आणि पाया

बारावीनंतर ‘न्यूरोसायन्स’ घ्यायचे आहे असे सांगणारे विद्यार्थी अलीकडे प्राध्यापकांपुढे येऊ लागले आहेत. त्यांच्या व पालकांच्या मनात बहुधा मेंदूचा डॉक्टर असतो. पहिला गैरसमज येथेच दूर करावा लागतो. न्यूरॉलॉजिस्ट होण्याचा मार्ग एमबीबीएस, त्यानंतर एमडी व त्यानंतर डीएम असा आहे. चेताविज्ञानाची पदवी, मग ती देशातील असो वा परदेशातील, रुग्ण तपासण्याचा परवाना देत नाही. तिचा रोख प्रामुख्याने संशोधनाकडे असतो. ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगितलेली बरी. तीन-चार वर्षांची फी भरून झाल्यावर ती कळली तर घरातील सर्वांनाच जड जाते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे : या नावाची पदवी घ्यावी, की प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी एखाद्या विषयातून तिकडे जावे? याचे उत्तर विषयाच्या इतिहासात आहे.

चेतासंस्थेचा अभ्यास जुना असला तरी स्वतंत्र विद्याशाखा म्हणून चेताविज्ञान तरुण आहे. अमेरिकेत या विषयाची मोठी संस्था, सोसायटी फॉर न्यूरोसायन्स, १९६९ मध्ये स्थापन झाली. तेथील ॲम्हर्स्ट कॉलेजाने १९७३ मध्ये पदवी पातळीवर हा अभ्यासक्रम सुरू केला आणि तो त्या देशातील पहिला मानला जातो. त्याआधी या क्षेत्रात ज्यांनी पायाभूत काम केले ते सारे अन्य विषयांतून आले होते. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकुळाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून विद्युत्संकेत कसा पुढे सरकतो ते १९५२ मध्ये मांडले. त्यांचे स्पष्टीकरण शब्दांत नव्हे, विकलक समीकरणांत होते. केंब्रिजचा संगणक त्या काळात उपलब्ध नसल्याने हक्स्ली यांनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर ती सोडवली. १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना या कामासाठी मिळाले. दुसरीकडे स्मरणशक्तीविषयीचे आपले बरेचसे ज्ञान एका रुग्णामुळे मिळाले. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचा काही भाग काढण्यात आला आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. २००८ मध्ये तो वारेपर्यंत जगाला तो केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ठाऊक होता. त्याची काळजीपूर्वक तपासणी करणाऱ्या ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ होत्या. एका कामाला गणित लागले, दुसऱ्याला नेटकी मानसशास्त्रीय चाचणी.

म्हणूनच परदेशातील चांगल्या पदवी अभ्यासक्रमांत सुरुवातीची वर्षे रसायन, भौतिक, जीवशास्त्र, मानसशास्त्र व संख्याशास्त्र यांतच जातात. मेंदूचा खास अभ्यास त्यानंतर येतो. पाटीवर नाव वेगळे असले तरी इमारतीचा पाया तोच आहे.

भारतात या नावाची पदवी देणारी महाविद्यालये मोजकीच आहेत. हा विषय प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. ग्वाल्हेरच्या जीवाजी विद्यापीठात चेताविज्ञानाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे आणि हैदराबाद विद्यापीठात चेता व बोधविज्ञानाचे केंद्र आहे. संशोधनासाठी बंगळुरूचे निम्हान्स व भारतीय विज्ञान संस्था, हरियाणात मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशी ठिकाणे आहेत. तेव्हा गावातील महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या मुलीला दार बंद नाही. दार बंद होते ते फार आधी, अकरावीत गणित सोडताना.

‘डॉक्टर व्हायचे आहे, गणित कशाला?’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. वैद्यकीय प्रवेश मिळाला तर ठीक. पण बहुसंख्यांना तो मिळत नाही, आणि मग रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्र हा गट घेतलेल्या विद्यार्थ्याला हॉजकिन-हक्स्लीचे पहिले समीकरण परकीय लिपीसारखे दिसते. आयसर संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणिताचे व भौतिकशास्त्राचे असतात, हेही अनेकांना उशिरा कळते.

ज्यांचे गणित सुटले आहे त्यांच्यासाठी महाविद्यालयाला बरेच करता येते. त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. तीस सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने ती उभी धरून अचानक सोडावी, दुसऱ्याने दोन बोटांत पकडावी. पट्टी वीस सेंटिमीटर पडली तर मुक्त पतनाच्या सूत्राने काळ निघतो सुमारे ०.२ सेकंद. आता हेल्महोल्ट्झ यांचे काम सांगावे : त्यांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतातंतूतील संकेताचा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. माणसाच्या हातातील जलद तंतूंत तो पन्नास-साठ मीटरच्या आसपास असतो. मेंदूपासून बोटांपर्यंतचा मार्ग साधारण एक मीटर, म्हणजे संकेताच्या त्या प्रवासाला लागले सेकंदाचे जेमतेम दोन शतांश. मग उरलेला वेळ गेला कोठे? तो डोळ्यातील रासायनिक क्रिया, एका चेतापेशीतून दुसरीत संकेत जाणे, मेंदूतील निर्णय आणि स्नायूचे आकुंचन यांत गेला. पुढे डोळे मिटून, पट्टी सोडताना दिलेल्या आवाजावर हाच प्रयोग करावा. प्रकाश ध्वनीपेक्षा कितीतरी वेगवान असूनही सरावानंतर आवाजाला मिळणारा प्रतिसाद सरासरीने लवकर येतो, कारण डोळ्याच्या पडद्यावरील क्रिया कानापेक्षा संथ असते. वर्गातील तीस विद्यार्थ्यांचे प्रत्येकी दहा आकडे घेतले की सरासरी, प्रमाण विचलन आणि ‘हा फरक खरा की योगायोगाचा’ ही चर्चा आपोआप सुरू होते. प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र व संख्याशास्त्र यांचे चार प्राध्यापक एका टेबलाभोवती आणणारा याहून स्वस्त प्रयोग सापडणे कठीण. अडचण पट्टीची नसते, वेळापत्रकाची असते.

विज्ञान शाखेच्या मुलाला मानसशास्त्र घेता येत नाही, ही जुनी भिंत २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कागदावर तरी खाली आणली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात चार वर्षांची पदवी व गौण विषयाची सोय आहे. मात्र राज्याराज्यांत फरक आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये चार वर्षांचा आकृतिबंध स्वीकारला आणि २०२४ मध्ये तीन वर्षांच्या पदवीकडे परत गेला. बेळगावच्या प्राध्यापकाने पुण्याच्या किंवा इंदूरच्या नियमावरून सल्ला देऊ नये. प्राणिशास्त्र मुख्य आणि मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्र गौण अशी जोडी मिळत असेल तर ती घ्यावी. मिळत नसेल तर स्वयम् संकेतस्थळावरील संख्याशास्त्राचा एखादा अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षातच पूर्ण करून घ्यावा, आणि ज्या एम.एस्सी.ला जायचे आहे तिची पात्रतेची अट विद्यार्थ्याबरोबर बसून वाचावी; शेवटच्या वर्षी ती वाचण्यात उपयोग नसतो.