मे माशी ओळखावी कशी?

पावसाळा सरत आला की देवगाव फाट्यावर दिवे लागतात न लागतात तोच त्यांच्याभोवती बारीक पाखरांची झुंबड उडते. आपण सगळ्यांना ‘चिलटं’ म्हणून मोकळे होतो. पण त्यांतली काही पाखरे पाण्यातून वर आलेली असतात, आणि त्या पाण्याची खबर ती आपल्याजवळ बाळगून असतात. ती खबर वाचायची कशी, तेवढे आज पाहू.

या पाखराला मे माशी म्हणतात. नाव माशीचे, पण ही माशी नव्हे. बसलेली नीट पाहा. पंख होडीच्या शिडासारखे पाठीवर उभे, आणि मागे धाग्यासारख्या दोन किंवा तीन लांब शेपट्या. डासाला अशा शेपट्या नसतात. ही चावत नाही. पंख फुटल्यावर तिचे तोंडच निकामी होते. खाणेपिणे काय ते पाण्यातल्या बाळपणी.

काश्मीरच्या ओढ्यांत १९०० च्या सुमारास विलायतेतून ट्राउट मासा आणला गेला. तो ही पाखरे आवडीने टिपतो. म्हणून गळाला पिसे आणि दोरा गुंडाळून लोक खोटी माशी करतात. मोठी माशी सहज ओळखू येते. फसवतात त्या तीन-चार मिलिमीटरच्या बारक्या जाती. आपल्या दुधनेत ट्राउट नाही, त्याला थंड पाणी लागते. पण ओळखीची रीत आपल्याही कामाची आहे: आधी शेपट्या मोजा, मग भिंगातून मागचे पंख शोधा.

शेपट्या तीन, मागचे पंख मुळीच नाहीत, पुढचे रुंद, दुधाळ आणि कडेला केसांची झालर असेल, तर ती केनिस. तिची पिले गाळात राहतात. शेपट्या दोन आणि मागचे पंख नाहीत, तर बहुधा क्लिऑन. ही डबक्यातली, टाक्यातली. शेपट्या दोन आणि मागे इवलासा पंख, तर बहुधा बेटिस किंवा तिची भावकी. हिला वाहते पाणी हवे. शेपट्या चटकन तुटतात, तेव्हा एकीवर भरवसा ठेवू नका, पाच-सहा पाहा.

आणखी एक गंमत. डांबरी रस्त्यावरून परतणारा उजेड या पाखरांना पाण्यासारखा भासतो, आणि ती रस्त्यावरच अंडी घालतात! म्हणून फाट्यावरच्या गर्दीवरून नदीची परीक्षा करू नका. नदीवर जा, उथळ पाण्यातला दगड उचला, त्याखालची पिले पांढऱ्या थाळीत पाणी घेऊन सोडा. पोटाच्या कडेला हलणारे कल्ले आणि मागे शेपट्या दिसल्या की समजा, हीच मे माशीची पिले.

आता मुद्द्याची गोष्ट. मे माशी दिसली म्हणजे पाणी निर्मळ, असे मुळीच नाही. केनिस आणि क्लिऑन गढूळ, मंद पाण्यातही तग धरतात. पण वाहत्या धारेत पूर्वी दिसणारे नाना प्रकार नाहीसे झाले आणि या दोघीच उरल्या, तर थांबून विचारा: वर कुणी फवारणीचा पंप धुतो का? सांडपाणी कुठून येते? पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे मात्र पाखरू सांगत नाही. त्यासाठी पाणी तपासूनच घ्यावे.

थाळी घरचीच, भिंग शाळेतले. यंदा दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन नदीवर जा, काय दिसले ते वहीत तारखेसह लिहा, आणि पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा पाहा.