हलक्या विमानाचे ब्रेक

तुम्ही सायकल चालवता. उतारावर सायकल वेगाने धावू लागली, की तुमची बोटे आपोआप ब्रेकवर जातात. तुम्ही ब्रेक आवळता, तार ओढली जाते, रबराचे दोन तुकडे चाकाच्या कडेला घट्ट धरतात आणि सायकल थांबते. आता सांगा, विमानाला ब्रेक असतात का? असतील तर कोठे असतात? हवेत तर धरायला काहीच नसते!

विमानाचे ब्रेक त्याच्या चाकांना असतात. विमान जमिनीवर असते, तेव्हाच ते उपयोगी पडतात. मोठ्या प्रवासी विमानांचे ब्रेक फार गुंतागुंतीचे असतात, म्हणून ते आपण बाजूला ठेवू. या पाठात आपण अगदी लहान, एका माणसाच्या विमानाचे ब्रेक पाहू. ते सायकल आणि मोटारसायकल यांच्या ब्रेकचेच भाऊबंद आहेत.

अशा विमानाला अल्ट्रालाइट म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, छोटे इंजिन, एक आसन आणि तीन चाके, एवढाच त्याचा संसार. अमेरिकेत १९८२ साली या विमानांसाठी नियम झाले. इंजिन असलेल्या अल्ट्रालाइटचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे, असा त्यांतील एक नियम आहे. हा आकडा लक्षात ठेवा; पुढे त्याचे काम पडणार आहे. आपल्या देशात अशा हलक्या विमानांना मायक्रोलाइट म्हणतात. एनसीसीच्या हवाई विभागातील कॅडेट मायक्रोलाइटमधून उड्डाणाचा अनुभव घेतात.

पूर्वीच्या विमानांना ब्रेकची गरज वाटत नव्हती. राइट बंधूंनी १९०३ साली उडवलेल्या विमानाला तर चाकेच नव्हती. ते लाकडी पट्ट्यांवर घसरत थांबे. पुढे चाके आली, तरी पुष्कळ विमानांच्या शेपटीखाली एक दांडा असे. तो गवतात घासत जाई आणि विमान थांबे. अल्ट्रालाइटचा जन्म तर याहूनही साधा. १९७५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जॉन मूडी यांनी हँग ग्लायडरला छोटे इंजिन जोडले आणि स्वतःच्या पायांनी धावत उड्डाण केले. त्यांचे पाय हीच चाके आणि तेच ब्रेक!

मग ब्रेक का बसवावे लागले? गवताळ मैदानावर विमान उतरले, की गवतच त्याचा वेग कमी करते. पण डांबरी धावपट्टी गुळगुळीत असते. तिच्यावर हलके विमान बराच वेळ घरंगळत राहते. पुढे कुंपण असेल, खड्डा असेल किंवा दुसरे विमान उभे असेल, तर काय होईल ते तुम्ही ओळखू शकता.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. इंजिन सुरू झाले, की पंखा फिरू लागतो आणि विमान पुढे सरकू पाहते. आसनावर बसलेला वैमानिक खाली उतरून ते धरू शकत नाही. जोरात फिरणारा पंखा डोळ्यांना नीट दिसतही नाही. जवळ एखादे मूल किंवा बेसावध माणूस असेल, तर जिवावर बेतते. तेथे विमान जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेकच हवा.

आता ब्रेकचे प्रकार पाहू. सर्वांत साध्या ब्रेकमध्ये एक पट्टी सरळ टायरवर दाबली जाते. हा ब्रेक हलका आणि स्वस्त असतो. पण टायर ओला झाला किंवा त्याला चिखल लागला, की पट्टी घसरते.

दुसरा प्रकार ड्रम ब्रेकचा. स्कूटरच्या चाकात तुम्ही तो पाहिला असेल. चाकाबरोबर एक गोल डबा फिरतो. आत दोन अर्धगोल शू असतात. तार ओढली, की ते फाकतात आणि डब्याला आतून घासतात. काही ड्रमला शूऐवजी बाहेरून पट्टा असतो; तो आवळला जातो. लहान शर्यतीच्या गाड्यांची चाके आणि ड्रम अनेक अल्ट्रालाइटना बसवलेले आढळतात. ड्रमची एक खोड आहे. तो तापला, की फुगतो आणि आतल्या शूपासून दूर जातो. मग ब्रेक कितीही ओढला, तरी पकड कमी पडते.

तिसरा प्रकार डिस्क ब्रेकचा. यात चाकाबरोबर पोलादाची एक थाळी फिरते आणि दोन पॅड तिला चिमट्यासारखे दोन्ही बाजूंनी धरतात. थाळी उघड्या हवेत असल्यामुळे लवकर थंड होते.

ब्रेक तापतो तरी किती? थोडे गणित करू. विमान, वैमानिक आणि पेट्रोल मिळून वजन २०० किलोग्रॅम धरा. विमान ताशी ४५ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर वेगाने जमिनीला टेकले. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्ही विज्ञानात शिकता : वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येते सुमारे १५,६०० जूल. आता दोन आसनांचे ४५० किलोग्रॅमचे विमान ताशी ६५ किलोमीटर वेगाने उतरले असे समजा. त्याची ऊर्जा सुमारे ७३,००० जूल होते. वजन सव्वादोन पट झाले. वेग दीडपटही झाला नाही. पण ऊर्जा जवळजवळ पावणेपाच पट झाली! काही ऊर्जा हवा आणि जमीन घेतात. उरलेली सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. म्हणून एकाच्या विमानाला पुरणारा छोटा ड्रम दोघांच्या विमानाला पुरत नाही. मालक जुने ब्रेक काढून मोठे डिस्क ब्रेक बसवतात, ते यासाठी.

डिस्क ब्रेक तारेनेही चालवता येतो; पण बहुधा तो तेलाच्या दाबाने चालवतात. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितले, की बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. वैमानिकाच्या हाताजवळच्या नळकांड्यात १ चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या आहे आणि चाकाजवळ ५ चौरस सेंटिमीटरचा, असे समजा. हाताजवळ जेवढा जोर द्याल, त्याच्या पाचपट जोर चाकाजवळ मिळेल. हा फायदा फुकट मात्र नाही. हाताजवळचा दट्ट्या ५ मिलिमीटर सरकेल, तेव्हा चाकाजवळचा फक्त १ मिलिमीटर सरकेल. त्यामुळे पॅड आणि थाळी यांत अंतर फार ठेवून चालत नाही.

या तेलाची निवड जपून करावी लागते. मोटारसायकलचे ब्रेक ऑइल आणि विमानात वापरतात ते लाल रंगाचे खनिज तेल, ही दोन्ही अगदी वेगळी आहेत. एकासाठी केलेली रबराची वायसरे दुसऱ्यात फुगतात किंवा खराब होतात. मग तेल गळते आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. म्हणून ब्रेक बनवणाऱ्याने जे तेल सांगितले असेल, तेच भरायचे. ‘थोडे हे, थोडे ते’ असा प्रकार येथे चालत नाही.

तेलात हवेचे बुडबुडे राहिले, तरी घोटाळा होतो. तेल दाबले जात नाही. हवा दाबली जाते. हात दाबत जातो, ब्रेक मऊ लागतो आणि चाक फिरतच राहते. अशा विमानात कारागीर बहुधा चाकाकडून, म्हणजे खालून तेल भरतात. बुडबुड्यांना वर जायची सवय असते, म्हणून ते तेलाबरोबर वर चढतात आणि टाकीतून निघून जातात. किती सोपी युक्ती!

आता बसवण्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ब्रेक फिरत्या चाकाला धरतो, तेव्हा चाक ब्रेकलाही आपल्याबरोबर फिरवू पाहते. एखादे फिरते चाक हाताने पकडा, म्हणजे तुमचा हात ओढला जाईल, तसेच हे. म्हणून ब्रेक ज्या पत्र्यावर बसवलेला असतो, तो पत्रा विमानाच्या पायाला मजबूत बोल्टने बांधावा लागतो. हा आधार कच्चा असेल, तर ब्रेक आसाभोवती फिरतो आणि तार किंवा तेलाची नळी तोडून टाकतो. शिवाय विमानाचा पाय आणि आस यांनाही हा जोर पेलला पाहिजे. पातळ नळीच्या पायावर दणकट ब्रेक बसवला, तर ब्रेक शाबूत राहील आणि पाय वाकेल.

फार जोरदार ब्रेक दुसऱ्या रीतीनेही घात करतो. काही विमानांची दोन चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असते. अशा विमानात एकदम ब्रेक दाबला, तर शेपटी उचलली जाते आणि विमान नाकावर पडते. पुढे एक आणि मागे दोन चाके असलेल्या विमानात ब्रेक मागच्या दोन चाकांना लावणे बरे, कारण बहुतेक वजन त्यांच्यावर असते. पुढच्या चाकावर भार कमी असतो. ते लवकर घसरते. मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक वेगवेगळे ठेवले, तर आणखी एक सोय होते. डावा दाबला, की विमान डावीकडे वळते. उजवा दाबला, की उजवीकडे.

आणि तो ११५ किलोग्रॅमचा आकडा? थाळ्या, चिमटे, नळ्या आणि तेल यांचे वजन रिकाम्या विमानात धरले जाते. विमान आधीच काट्यावर मर्यादेला टेकलेले असेल, तर नव्या ब्रेकमुळे ते अल्ट्रालाइटच्या नियमात बसणार नाही. त्यामुळे अनेकदा नवा ब्रेक घेण्याआधी जुना नीट करून पाहणे शहाणपणाचे ठरते. तारेला तीव्र वळण आहे का? तिचे बाहेरचे आवरण दाबल्यावर चेपते का? शूवर चाकाचे ग्रीस आले आहे का? माझ्या मते निम्मे ‘कमजोर’ ब्रेक एवढ्यानेच सुधारतील.

ब्रेक बसवून झाला, की प्रत्येक नट सैल होऊ नये म्हणून त्याला पिन किंवा तार घालतात. चाक उचलून हाताने फिरवतात. ते मोकळे फिरले पाहिजे. मग विमान माणूस चालतो तेवढ्या वेगाने जमिनीवर चालवतात आणि ब्रेक लावतात. विमान एका बाजूला ओढले गेले, तर दोन्ही ब्रेक सारखे करून घेतात. मग वेग थोडा वाढवतात, पुन्हा थांबवतात आणि खाली उतरून बोल्ट, नळ्यांचे सांधे व थाळ्या तपासतात. नवे पॅड असे हळूहळू घासले गेले, की त्यांची पकड वाढते. अशा अनेक फेऱ्या झाल्यावर आणि कोठेही तेलाचा थेंब दिसला नाही, तरच विमान धावपट्टीवर नेतात.