नौबादचा करेझ आणि इवल्या चिपचं इंटरनेट

भालकीच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: तुरीच्या रानात ओल मोजणारं यंत्र बसवायचंय, त्यातल्या मायक्रोकंट्रोलरसाठी ओपन सोर्स नेटवर्क स्टॅक (चिपला इंटरनेटशी बोलू देणारा कोड) कोणता घेऊ?

उत्तराआधी अॅडम डंकल्स यांची गोष्ट सांगायलाच हवी. स्वीडनमध्ये आइस हॉकी खेळाडूंच्या अंगावर सेन्सर लावून प्रेक्षकांना थेट माहिती दाखवायचा एक प्रकल्प होता. त्या सेन्सरांना इंटरनेटची भाषा यावी म्हणून डंकल्स यांनी एलडब्ल्यूआयपी हा स्टॅक लिहिला. आज असंख्य स्वस्त वायफाय बोर्डांत तो चालतो, आणि बोर्ड वापरणाऱ्यांच्या कानावर त्यांचं नावही आलेलं नसतं!

मग त्यांनी आठ बिटांच्या चिपसाठी यूआयपी लिहिला. काही किलोबाइट कोड, काहीशे बाइट मेमरी. एरवी स्टॅक पाठवलेलं पॅकेट पोच येईपर्यंत जपून ठेवतो. कारंजा धरणासारखी त्याची भिस्त साठ्यावर. यूआयपी म्हणजे बिदरजवळच्या नौबादचा बहमनी करेझ: जमिनीखालून उतारानं पाणी वाहतं, मोठा साठा लागतच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांना एकच बफर. पॅकेट हरवलं की तो प्रोग्रामलाच सांगतो, तोच मजकूर पुन्हा तयार करून दे. किती सुंदर कल्पना! मोबदल्यात वेग जातो, कारण एका पॅकेटची पोच आल्याशिवाय दुसरं सुटत नाही. पण तासाला एक आकडा धाडायला घाई कसली?

तरीही नव्या कामाला यूआयपी घेऊ नका. २०२० मध्ये फोरस्काउट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सात ओपन सोर्स स्टॅक तपासले. चारांत मिळून ३३ दोष निघाले. यूआयपी आणि पिकोटीसीपी त्या चारांत होते. आलेल्या पॅकेटमध्ये लिहिलेली लांबी न पडताळता खरी मानणं, अशा चुका त्यांत होत्या. त्या तपासणीत एलडब्ल्यूआयपीत नवा दोष सापडला नाही. म्हणून तो अभेद्य ठरत नाही, पण त्याची देखभाल चालू आहे आणि बीएसडी परवान्यामुळे उद्या यंत्र विकायचं झालं तरी अडत नाही. पिकोटीसीपीचा जीपीएल परवाना तिथे अटी घालतो.

ईएसपी३२ हा वायफाय बोर्ड घेणार असाल तर निवड झालेलीच आहे: चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साधनसंचात एलडब्ल्यूआयपी असतो. फक्त बोर्ड डब्यात कायमचा बंद करण्याआधी दूरवरून नवी आवृत्ती चढवायची सोय करा, आणि पुढे पाण्याची मोटार जोडलीत तर तिचा पत्ता इंटरनेटवर उघडा ठेवू नका.