पॉलिथिन अंथरूनही सूत्रकृमी का उरतात? उत्तर पेशीच्या केंद्रकात

“एप्रिलमध्ये वाफ्यावर पॉलिथिन अंथरलं, महिनाभर जमीन तापवली, तरी टोमॅटोच्या मुळांवर गाठी आल्याच,” ही तक्रार दरवर्षी ऐकायला मिळते. बहुतेक वेळा दोष उपायाचा नसतो. जमीन तापते, पण मारण्याइतकी तापत नाही. अर्धवट उष्णतेत सूत्रकृमी नुसता तग धरत नाही, तर पुढच्या उन्हासाठी तयार होतो. ही तयारी कशी होते ते आज पाहू.

आधी एक खुलासा. इथे गांडुळाविषयी बोलत नाही. सूत्रकृमी हा डोळ्यांना सहज न दिसणारा, धाग्यासारखा जीव. त्याच्या असंख्य जातींपैकी ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ ही जात पिकाला त्रास देत नाही. ती जिवाणू खाऊन जगते. लांबी जेमतेम १ मिलिमीटर आणि शरीर पारदर्शक, त्यामुळे जिवंत कृमीच्या पेशीत काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते. म्हणून प्रयोगशाळांची ती आवडती. तिच्यावरील कामासाठी सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले.

प्रथिन केंद्रकात शिरते तेव्हा

पेशीच्या मधोमध केंद्रक असते आणि त्यात जनुके. कोणते जनुक चालू करायचे, हे ठरवणारी काही प्रथिने एरवी केंद्रकाबाहेरच थांबवून ठेवलेली असतात. या कृमीतले ‘डॅफ-१६’ हे त्यातलेच. २० अंश सेल्सिअसच्या आसपास, खायला भरपूर असताना, इन्सुलिनसारख्या संदेशामुळे डॅफ-१६ वर फॉस्फेटची खूण लागते आणि दुसरी प्रथिने त्याला बाहेरच धरून ठेवतात. तापमान ३५ अंशांवर नेले की चित्र पालटते. डॅफ-१६ ला हिरवे चमकणारे प्रथिन जोडून पाहिले, तर आधी सगळ्या पेशीत पसरलेला हिरवा रंग थोड्याच वेळात केंद्रकात गोळा होताना दिसतो. कृमी पुन्हा थंडाव्यात आणला की रंग परत बाहेर पसरतो.

आत गेलेले डॅफ-१६ बचावाची जनुके चालू करते. एचएसएफ-१ नावाचे दुसरे प्रथिनही याच कामात असते. मग उष्मा-आघात प्रथिने तयार होतात. अंडे उकळल्यावर पांढरे पडून गोठते, तशी पेशीतली प्रथिनेही उष्णतेने विस्कटून गोळा होतात. ही नवी प्रथिने त्यांना सावरतात. केंद्रकाच्या आवरणाला दारे असतात आणि माल आत नेणारी वाहक प्रथिनेही. तीव्र उष्णतेत नेहमीची वाहतूक मंदावते, पण बचावाची काही प्रथिने मात्र आत पोहोचवली जातात. माणसाच्या पेशींतही असेच आढळले आहे.

आपल्या कामाचा मुद्दा पुढे आहे. थोडा वेळ सौम्य उष्णता सोसलेला हा कृमी नंतरची तीव्र उष्णता जास्त काळ सहन करतो. मुळांवर गाठी करणारा ‘मेलॉइडोगायनी’ हा त्याचा दूरचा नातलग. त्याच्याकडेही उष्मा-आघात प्रथिने आहेत.

वाफ्यावर याचा अर्थ काय

अर्धवट तापवणे टाळा. कोरड्या जमिनीवर पॉलिथिन टाकू नका. आधी भरपूर पाणी द्या. ओलाव्यातून उष्णता खोलवर जाते आणि ओल्या मातीतले जागे झालेले कृमी सुप्त कृमींपेक्षा लवकर मरतात. पॉलिथिन पारदर्शकच हवे, २५ ते ५० मायक्रॉनचे. काळा कागद स्वतः तापतो, खालची माती तितकी नाही. कडा मातीत नीट गाडा. एका पॉलिहाऊसमध्ये मी स्वतः ही चूक होऊ दिली होती: कडा मोकळ्या राहिल्या, वाफ निघून गेली आणि पुढे काकडीच्या नेमक्या कडेच्या ओळी पिवळ्या पडल्या.

चार ते सहा आठवडे ठेवा, फाटल्यास त्याच दिवशी चिकटवा. शक्य असेल तर १५ सेंटिमीटर खोलीवर थर्मामीटर खोचून दुपारचे तापमान पाहा. ते चाळिशीच्या खालीच घुटमळत असेल, तर एकट्या पॉलिथिनवर विसंबू नका. त्याहून खोल थरातले कृमी तसेही उरतात. म्हणून नंतर खोल नांगरट करून खालची माती वर आणू नका. नांगरट आधीच उरका. लागवडीच्या वेळी निंबोळी पेंड आणि शेणखतात वाढवलेले ट्रायकोडर्मा द्या, कारण तापवण्यात मित्रबुरशीही कमी झालेली असते.

केळीच्या कंदांना गरम पाण्याची प्रक्रिया करतानाही हेच लक्षात ठेवा. कंद तासून ५५ अंशांच्या पाण्यात २० मिनिटे बुडवतात. थंड कंद टाकताच पाणी निवते, आणि पुष्कळ जण सुरुवातीलाच तापमान पाहून थर्मामीटर बाजूला ठेवतात. तो शेवटपर्यंत पाण्यातच राहू द्या.