विणकरांच्या गांवचा फुटबॉल-संघ



इंग्लंडच्या वायव्येस, लँकेशायरच्या डोंगराळ भागांत ब्लॅकबर्न नांवाचें एक मध्यम वस्तीचें गांव आहे. त्या गांवच्या 'ब्लॅकबर्न रोव्हर्स' या फुटबॉल-संघाचा मी पुष्कळ वर्षांपासूनचा चाहता आहें. एका सेवानिवृत्त मराठी शिक्षकानें इतक्या दूरच्या संघाचा जय तो आपला जय मानावा, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्या गांवाचा व आपला संबंध जुना आहे. तेथील मागांवर विणलेलीं धोतरें एके काळीं जहाजें भरभरून हिंदुस्थानांत येत असत; आणि २०१० सालीं तर तो संघच पुण्याच्या एका कंपनीच्या मालकीचा झाला. या संघाच्या दीडशें वर्षांच्या इतिहासाच्या पोटांत एक प्रश्न दडलेला आहे. फुटबॉलचा संघ खरोखर कोणाचा असतो? पैसा घालणाराचा, खेळणाराचा, कीं पाहणाराचा? आज त्याचाच थोडा विचार करूं.

१८७५ च्या नोव्हेंबर महिन्यांत सेंट लेजर नांवाच्या हॉटेलांत गांवांतील सतरा तरुण जमले आणि त्यांनीं हा संघ स्थापन केला. पुढाकार होता जॉन लुईस व आर्थर कॉन्स्टंटाइन या दोघां जुन्या शाळासोबत्यांचा. पोशाख ठरला अर्धा निळा, अर्धा पांढरा. 'कौशल्यानें आणि श्रमानें' अशा अर्थाचें लॅटिन ब्रीदवाक्य, जें गांवाचें, तेंच संघाचें झालें. स्थापना करणारे बहुतेक सुखवस्तु घरांतील असले, तरी मैदानाभोंवतीं गर्दी करणारे लोक मात्र गिरण्यांतील होते. १८५० च्या कारखाने-कायद्यानें कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयी कामगार यांचें शनिवारचें काम दुपारीं दोन वाजतां थांबविलें होतें. त्यांच्यावांचून गिरणी चालणें कठीण. तेव्हां हळूहळू पुरुषांसही ती सुटी लाभली. शनिवारची रिकामी दुपार आणि आठवड्याचा पगार, या दोन गोष्टी हातीं आल्यावर लँकेशायरच्या विणकरानें फुटबॉलला आपलेंसें केलें.

त्या काळीं या खेळाचें स्वामित्व मात्र दक्षिणेकडील उच्चभ्रू मंडळींकडे होतें. खेळाचे नियम बांधणारी 'फुटबॉल असोसिएशन' १८६३ मध्यें लंडनला निघाली, आणि तिचा प्रसिद्ध चषक १८७२ पासून १८८२ पर्यंत दरवर्षीं दक्षिणेच्याच संघांनीं जिंकला. हे खेळाडू मोठमोठ्या खासगी शाळांचे माजी विद्यार्थी, लष्करी अधिकारी आणि विद्यापीठांतील तरुण होते. १८८२ मध्यें रोव्हर्स अंतिम सामन्यापर्यंत पोंचले. परंतु ईटनच्या माजी विद्यार्थ्यांनीं त्यांस एका गोलनें हरविलें. पुढच्याच वर्षीं त्याचा बदला घेतला गेला, पण तो रोव्हर्सकडून नव्हे. त्याच गांवांतील 'ब्लॅकबर्न ऑलिंपिक' या कामकऱ्यांच्या संघानें त्याच ईटनकरांस दोन विरुद्ध एक असें नमविलें. जास्तीच्या वेळांत विजयाचा गोल करणारा जिमी कॉस्टली हा सूतगिरणींतील कामगार होता. सिडनी येट्स या लोखंडी ओतकामाच्या कारखानदारानें पैसा पुरविला होता, आणि सामन्यापूर्वीं संघाला सरावासाठीं समुद्रकांठीं ब्लॅकपूलला नेऊन ठेवलें होतें. ईटनकरांस हा प्रकार खिलाडूपणास न शोभणारा वाटला; आज कोणताही संघ तसें केल्यावांचून राहत नाहीं.

त्यानंतर १८८४, १८८५ व १८८६ अशीं लागोपाठ तीन वर्षें चषक रोव्हर्सनें जिंकला, आणि त्याबद्दल असोसिएशननें त्यांस एक खास ढाल बहाल केली. या यशामागें एक उघड गुपित होतें. फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट आधीं शेजारच्या डार्वेन गांवीं व मग १८८० मध्यें रोव्हर्सकडे आला. हौशी म्हणवणारे हे स्कॉच खेळाडू खेळाचा मोबदला आंतून घेतात, हें सर्वांस ठाऊक होतें. ज्याचें पोट वडिलोपार्जित उत्पन्नावर भरतें त्यास हौसेनें खेळणें सोपें. पण सामन्यासाठीं अर्धा दिवस काम बुडविलें कीं विणकराच्या घरांतील भाकरीच कमी होते. त्यास त्या दिवसाची भरपाई मिळूं नये, हा नियम दिसावयास नीतीचा, परंतु परिणामीं श्रीमंतांच्या सोयीचा होता. अखेरीस जुलै १८८५ मध्यें असोसिएशननें धंदेवाईक खेळाडूंस मान्यता दिली. १८८८ मध्यें फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हां तिच्या बारा संस्थापक संघांपैकीं सहा लँकेशायरचे होते. त्यांत रोव्हर्स होते. ऑलिंपिकला स्थान मिळालें नाहीं, आणि १८८९ मध्यें तो संघ मोडला. एका गांवांत दोन संघ पोसण्याइतका पैसा नव्हता.

रोव्हर्सनीं १८९० मध्यें ईवुड पार्क या मैदानांत आपलें कायमचें घर केलें. त्याच वर्षीं व पुढच्या वर्षीं चषक पुन्हां त्यांच्याकडे आला. मग १९१२ व १९१४ या दोन वर्षीं त्यांनीं लीगचें अजिंक्यपदही मिळविलें. त्या संघाचा आधारस्तंभ बॉब क्रॉम्प्टन हा ब्लॅकबर्नचाच सुपुत्र. तो इंग्लंडतर्फे ४१ सामने खेळला. १९२८ मध्यें हडर्सफील्डला हरवून संघानें सहाव्यांदां चषक घेतला. तोंपर्यंत मात्र गांवच्या सुबत्तेला ओहोटी लागली होती. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी कापड व वाढती आयात-जकात यांनीं लँकेशायरची हिंदी बाजारपेठ हिरावून घेतली. स्वदेशीच्या चळवळीनें त्यांत भर टाकली. सप्टेंबर १९३१ मध्यें गोलमेज परिषदेसाठीं विलायतेस गेलेले महात्मा गांधी मुद्दाम डार्वेनला गेले व बेकार कामगारांस भेटले. हिंदुस्थानांतील दारिद्र्य याहून कितीतरी खोल आहे, हें त्यांनीं त्यांस समजावून सांगितलें. आणि त्या कामगारांनीं त्यांचें स्वागतच केलें. पुढें १९३६ मध्यें रोव्हर्स पहिल्या श्रेणींतून प्रथमच खालीं घसरले. संघाची उतरण केवळ कापसामुळें झाली असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि ज्या गांवच्या गिरण्या बंद पडतात, त्या गांवच्या संघाची तिजोरी भरलेली राहत नाहीं, हें उघड आहे.

१९६६ मध्यें संघ पुन्हां खालीं गेला, तो तब्बल सव्वीस वर्षें वर आला नाहीं. मग जॅक वॉकर पुढें आले. १९२९ मध्यें ब्लॅकबर्नमध्यें जन्मलेल्या या गृहस्थानें वडिलांच्या लहानशा धंद्यांतून भावासह पोलादाचा मोठा व्यापार उभा केला, आणि तो १९८९ मध्यें विकून मिळालेल्या संपत्तीचा मोठा वांटा बालपणच्या आवडत्या संघावर खर्च केला. केनी डाल्ग्लिश यांस व्यवस्थापक नेमलें, ॲलन शिअररला आणलें, मैदानाची पुनर्बांधणी केली. १४ मे १९९५ हा दिवस आम्हां चाहत्यांस विसरतां येत नाहीं. अखेरचा सामना लिव्हरपूलला, म्हणजे डाल्ग्लिश यांच्याच जुन्या संघाशीं होता. शिअररनें पहिला गोल केला, परंतु शेवटच्या क्षणांत रोव्हर्स दोन विरुद्ध एक असे हरले. तेवढ्यांत वार्ता आली कीं, लंडनमध्यें मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवरच समाधान मानावें लागलें. ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाच्या फरकानें, सामना हरूनही, रोव्हर्स ८१ वर्षांनीं पुन्हां अजिंक्य ठरले! या यशास कोणी पैशानें विकत घेतलेलें म्हणत. पैसा होता खरा. पण तो गांवच्याच मुलाचा होता, आणि तो आपल्या गांवासाठीं खर्च होत होता.

वॉकर २००० मध्यें निवर्तले. २००२ मध्यें संघानें लीग चषक जिंकला. नोव्हेंबर २०१० मध्यें त्यांच्या न्यासानें तो पुण्याच्या, कुक्कुटपालनाच्या धंद्यांत नांवाजलेल्या व्हेंकीज कंपनीस विकला. ज्या गांवानें आपल्याला धोतरें विकलीं, त्याच्या संघाची मालकी महाराष्ट्रांत आली, याचें येथें पुष्कळांस कौतुक वाटलें, मलाही वाटलें. पण पुढची हकीकत सुखाची नाहीं. महिन्याभरांतच अनुभवी व्यवस्थापक सॅम अलार्डाइस यांस काढण्यांत आलें. मे २०१२ मध्यें विगनकडून हार पत्करून संघ प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यांत चिडलेल्या चाहत्यांनीं मैदानांत एक जिवंत कोंबडी सोडली होती. २०१७ मध्यें संघ तिसऱ्या श्रेणींत उतरला. प्रीमियर लीग जिंकलेल्या संघावर असा प्रसंग पूर्वीं आला नव्हता. टोनी मोब्रे यांच्या मार्गदर्शनाखालीं २०१८ मध्यें तो दुसऱ्या श्रेणींत परतला. मालकांनीं या काळांत मोठा तोटा सोसून संघांत पैसा ओतला, हेंही न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. उणीव राहिली ती विश्वासाची.

याचें मूळ कायद्यांत आहे. इंग्लंडमध्यें असा संघ ही एक कंपनी असते, आणि तिकीट काढणाऱ्या चाहत्यास तींत मत नसतें. जर्मनींत याउलट, कांहीं अपवाद सोडल्यास, मतांचा निम्म्याहून अधिक वांटा सभासदांच्या हातीं राहिला पाहिजे असा नियम आहे. जुलै २०२५ मध्यें इंग्लंडमध्येंही नवा कायदा होऊन स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद झाली. मालकाची योग्यता तपासणें, आणि मैदानाची विक्री किंवा संघाचे रंग व चिन्ह यांत मनमानी होऊं न देणें, हें त्याच्या कामांत येतें.

वॉकर यांनीं जें मनापासून केलें, तें आतां कायदा थोड्या अंशानें सक्तीनें करूं पाहत आहे. डार्वेनला येऊन गेलेल्या महात्म्याचें सांगणें असें होतें कीं, धनवानानें आपल्या धनाचा विश्वस्त म्हणून वागावें. गिरणी, देऊळ किंवा फुटबॉलचा संघ, कोणत्याही मालकास तें लागू पडतें. मालकीहक्क लंडनला असो कीं पुण्याला, अंतराचा प्रश्न दुय्यम आहे. मालक त्या गांवाचें ऐकतो कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें. शनिवारीं पावसांत उभे राहून निळ्या-पांढऱ्या संघासाठीं ओरडणाऱ्या त्या लोकांचे पणजे याच मैदानावर असेच ओरडत होते. त्यांचें तेवढें म्हणणें ऐकलें जावें, इतकीच या दूरच्या चाहत्याची इच्छा आहे.